सैल सालीचे संत्रे आणि सुटलेला आघात : इंग्रजी सामासिक विशेषणांच्या उच्चाराचे एक प्रकरण

परिस्थिती

काटोल तालुक्यात वाढलेली आणि सध्या नागपुरात संत्र्यांच्या निर्यातीच्या एका व्यवसायात विक्रीचे काम पाहणारी एक तरुणी या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. अंबिया बहाराची फळे बाजारात येण्यापूर्वी परदेशी खरेदीदारांना पाठवण्यासाठी तिने नागपुरी संत्र्याची ओळख करून देणारे काही मिनिटांचे इंग्रजी निवेदन स्वतः लिहिले आणि स्वतःच्या आवाजात मुद्रित केले. २०१४ मध्ये या फळाला मिळालेले भौगोलिक मानांकन, अंबिया आणि मृग हे दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, फोडींपासून सहज सुटणारी सैल साल, झाडावरून हाताने केलेली तोडणी अशी सगळी माहिती त्यात होती आणि ती बरोबर होती. मात्र निवेदन ऐकून एका इंग्रजीभाषक खरेदीदाराने जे विचारले, त्याने ती चक्रावून गेली. वाहतुकीत या फळाची साल निघून येते का, असा त्याचा प्रश्न होता.

तिच्या लिखित मजकुरात तसे काहीही नव्हते. तिथे ‘लूस-स्किन्ड’, म्हणजे सैल सालीचे, असे विशेषण होते. व्याकरण, शब्दांची निवड आणि वाक्यांची रचना यांत बोट ठेवण्यासारखे काही सापडत नव्हते. ती धरमपेठेत माझ्याकडे उच्चारशास्त्राच्या शिकवणीला आली तेव्हा तिचा समज असा होता की आपले ‘ट’ आणि ‘ड’ इंग्रजांसारखे नाहीत, म्हणून घोटाळा होतो. मूर्धन्य ट-ड मुळे भारतीय बोलणे ओळखू येते हे खरे. पण त्यामुळे सैल साल गळून पडत नाही. दोष दुसरीकडे होता आणि निवेदनाच्या स्वरूपामुळे तो वारंवार कानावर येत होता. फळाचे, जमिनीचे, वेष्टनाचे वर्णन करायचे म्हटले की इंग्रजीत सामासिक विशेषणांना पर्याय नसतो. ‘हँड-पिक्ट’, ‘वेल-ड्रेन्ड’, ‘स्वीट-स्मेलिंग’, ‘माउथ-वॉटरिंग’, ‘वर्ल्ड-फेमस’, ‘हार्ड-अर्न्ड’ ही सगळी विशेषणे तिच्या एका पानात दाटीने आलेली होती.

पुढील विवेचनात मुख्य आघाताच्या, म्हणजे सर्वांत जास्त जोर असलेल्या, अक्षराआधी ˈ अशी उभी रेघ दिली आहे आणि जिथे गरज आहे तिथे अक्षरे टिंबाने वेगळी केली आहेत. ‘अक्षर’ हा शब्द इथे लिपीतील चिन्हासाठी नाही; एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिगट असा त्याचा अर्थ घ्यावा.

अक्षरे कुठे तुटली

मुद्रण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अक्षरांच्या संख्येची. ‘लूस.स्किन्ड’ या शब्दात दोनच अक्षरे आहेत. ती म्हणत होती ‘लूज.स्कि.नेड’, म्हणजे तीन. ‘हँड.पिक्ट’चे ‘हँड.पि.केड’ झाले होते आणि प्रौढ बागायतदारांसाठी वापरलेल्या ‘मि.डल.एज्ड’चे ‘मि.डल.ए.जेड’. शेवटचा ‘ईडी’ डोळ्यांना दिसतो म्हणून तो स्वतंत्र अक्षर म्हणून वाचला जात होता. वास्तविक या प्रत्ययाचे वेगळे अक्षर सामान्यतः मूळ शब्द ट किंवा ड या ध्वनीने संपत असेल तेव्हाच होते, जसे ‘डीप-रूटेड’ किंवा ‘ॲब्सेंट-माइंडेड’. अघोष, म्हणजे स्वरतंतू न कंपता उच्चारलेल्या (क, प, स अशा), व्यंजनानंतर तो केवळ ‘ट्’ होतो आणि स्वर किंवा घोष, म्हणजे स्वरतंतू कंपून उच्चारलेल्या (ग, ब, न अशा), व्यंजनानंतर केवळ ‘ड्’. ‘नेकेड’, ‘विकेड’, ‘रगेड’ अशी काही जुनी विशेषणे या नियमाबाहेर आहेत. ‘एज्ड’ची गत तर याहून चमत्कारिक आहे. वृद्ध या अर्थाने तो शब्द एकटा आला की ‘ए.जेड’ अशी दोन अक्षरे होतात, पण ‘मिडल’शी समास झाला की एकच उरते.

हे सांगितल्यावर तिने ‘पिकेड’ सोडून ‘पिक्ट’ म्हणायला सुरुवात केली, आणि तिथे मराठीची एक सवय आडवी आली. ‘रक्त’, ‘भक्त’, ‘शिस्त’ या शब्दांच्या शेवटी जोडाक्षर आहे आणि आपण ते म्हणताना शेवटचा ‘अ’ पुरता गाळत नाही. त्याचा पुसटसा अंश राहतो. ‘घर’ किंवा ‘बाग’ मध्ये तो राहत नाही, जोडाक्षरानंतर मात्र राहतो. तिचे ‘पिक्ट’ नेमके ‘रक्त’च्या वळणावर जात होते आणि अक्षरांची संख्या पुन्हा तीन होत होती. ‘शेवटचा अ गाळा’ असे सांगून काही साधत नाही, कारण बोलणाऱ्याला तो अ ऐकूच येत नसतो. म्हणून पुढचा शब्द स्वराने सुरू होणारा घेतला. ‘पिक्ट ऑरिंजेस’ हे सलग म्हटले की ‘ट्’ पुढच्या ‘ऑ’ला जाऊन चिकटतो आणि मधल्या ‘अ’ला जागाच राहत नाही. पंधरा-वीस वेळा जोडून म्हटल्यानंतर ‘ऑरिंजेस’ मनातल्या मनात ठेवायचे आणि ‘पिक्ट’वर थांबायचे. या पद्धतीने शेपूट गळते.

आता ‘लूज’कडे येऊ, कारण खरेदीदाराचा प्रश्न इथूनच निघाला होता. सैल या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा शेवट ‘स’ने होतो, ‘ज’सारख्या घोष ध्वनीने शेवट केला तर तो शब्द ‘गमावणे’ या अर्थाचे क्रियापद होतो. मराठीत आपण सर्रास ‘लूज’ म्हणतो, आणि आपसांत त्याने काही बिघडत नाही. पण ‘लूज’, मग ‘स्किन’, आणि शेवटी एक सुटे ‘एड’ अशा तुकड्यांत ऐकणाऱ्या इंग्रजाला ‘साल गमावणारे’ असे काहीतरी कानावर पडले तर नवल नाही. केवळ ‘स’ घातल्यानेही काम पूर्ण होत नव्हते. इंग्रजीत अघोष व्यंजनाआधीचा स्वर, ते व्यंजन त्याच अक्षरात असेल तर, आखूड होतो, आणि ऐकणारा शेवटचा ध्वनी घोष की अघोष हे बऱ्याच अंशी या आखूडपणावरून ओळखतो. आपला ‘ऊ’ मात्र दीर्घ लिहिला म्हणजे दीर्घच राहतो. तिला ‘लू’ थोडक्यात आटोपायचा आणि मधला ‘स’ न तोडता लांबवायचा, असा सराव दिला. दोन शब्दांच्या सांध्यावर दोन ‘स’ येतात, त्यांचा एकच लांब ‘स’ होतो आणि त्याच्या मध्यावर अक्षराची सीमा असते.

या आखूडपणाचे महत्त्व कळावे म्हणून उच्चारशास्त्राच्या वर्गांतून नेहमी दिली जाणारी एक जोडी तिला ऐकवली : ‘व्हाय चूज’ आणि ‘व्हाइट शूज’. दोन्हींतील ध्वनी जवळपास तेच आणि त्याच क्रमाने येतात. फरक एवढाच की पहिल्यात ‘ट’चा अंश (‘च’च्या सुरुवातीचा) पुढच्या अक्षरात आहे, म्हणून ‘आय’ ऐसपैस आहे. दुसऱ्यात तो मागच्या अक्षरात आहे, म्हणून ‘आय’ आटोपशीर आहे. सीमा कुठे आहे हे ऐकू येते, ते असे.

‘हार्ड-अर्न्ड’ मध्ये सीमेचा हाच प्रश्न निराळ्या रूपात होता. ती ‘हार.डर्न्ड’ म्हणत होती. एरवी इंग्रजीतही दोन स्वरांमधले व्यंजन पुढच्या अक्षराकडे ओढले जाते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण समासाच्या सांध्यावर ही ओढ थांबते. ‘हार्ड’चा ‘ड’ ‘हार्ड’कडेच राहतो. आपल्याकडे तत्सम समासांत नेमके उलट घडते. जगत् आणि ईश यांचा ‘जगदीश’ होतो, सत् आणि आचार यांचा ‘सदाचार’ होतो. संधी झाला की व्यंजन बदलते, पुढच्या स्वरात मिसळते आणि सांधा पुसला जातो. लहानपणापासून संधी सोडवणाऱ्या आणि जोडणाऱ्या जिभेने ‘हार्ड-अर्न्ड’चाही संधी करून टाकला, असे मी या ठिकाणी समजतो. इंग्रजी समासाचा सांधा मात्र उघडा राहतो. अपवाद घाईच्या बोलण्यातला. ‘हँड-पिक्ट’चा मधला ‘ड’ गळून ‘हॅम-पिक्ट’सारखा उच्चार होताना ऐकू येतो. तो समजून घ्यावा. मुद्दाम शिकण्याची गरज नाही.

आघात आणि समासाचा विग्रह

अक्षरे जागेवर आल्यानंतर आघाताचा विचार सुरू झाला आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. मराठीत एखाद्या अक्षरावर जोर दिला किंवा काढला म्हणून सहसा शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे तिने बहुतेक सामासिक विशेषणांचे दोन्ही भाग सारख्याच वजनाने म्हटले होते, आणि ऐकणाऱ्याला ते एक विशेषण न वाटता शेजारी ठेवलेले दोन सुटे शब्द वाटत होते. इंग्रजीत समासाच्या एका भागावर मुख्य आघात असतो; दुसरा भाग गौण आघात घेतो, त्याचे स्वर पूर्ण राहतात, पण त्याचे वजन कमी असते.

मुख्य आघात कोणत्या भागावर, हे संयोगचिन्हावरून कळत नाही. अर्थावरून थेट कळत नाही. पुष्कळ अंशी ते समासाच्या घडणीवरून कळते, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला ती घडण ओळखण्याची साधने शाळेतच मिळालेली असतात. तिने दहावीपर्यंत समासाचा विग्रह केला होता. तेच ज्ञान इथे कामाला लावले.

‘लूस-स्किन्ड’चा विग्रह काय? सैल आहे साल ज्याची ते. हा सरळ बहुव्रीहि आहे. विशेषण, त्यानंतर नाम, त्याला ‘ईडी’ प्रत्यय, अशा घडणीच्या इंग्रजी बहुव्रीहींत मुख्य आघात दुसऱ्या भागावर असतो : ‘लूस-ˈस्किन्ड’, ‘ब्लू-ˈआइड’, ‘काइंड-ˈहार्टेड’, ‘गुड-ˈनेचर्ड’, ‘ओल्ड-ˈफॅशन्ड’. उलट ‘टाइम-कन्झ्यूमिंग’ म्हणजे वेळ खाणारे. पहिला भाग क्रियेचे कर्म आहे आणि दुसरा त्या क्रियेचा कर्तृवाचक शब्द आहे; आपल्याकडे असा समास उपपद तत्पुरुषात बसतो. या गटात आघात पहिल्या भागावर जातो : ‘ˈटाइम-कन्झ्यूमिंग’, ‘ˈहार्ट-ब्रेकिंग’, ‘ˈब्रेथ-टेकिंग’. ‘ˈमाउथ-वॉटरिंग’ याच घराण्यात मोडते. तिने या शब्दांत दुसऱ्या भागावर जोर दिला होता, त्यामुळे ‘वॉटरिंग’ सुटे पडून झाडांना पाणी देण्याचा भास होत होता.

पण विग्रहाने सगळे कुलूप उघडत नाही, आणि हे शिकणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. ‘हँड-पिक्ट’ म्हणजे हाताने खुडलेले, हा तृतीया तत्पुरुष आहे, तरी आघात दुसऱ्या भागावर : ‘हँड-ˈपिक्ट’. ‘होम-ˈमेड’, ‘मॅन-ˈमेड’ हेही तसेच. मात्र त्याच घडणीचे ‘ˈवेदर-बीटन’ आणि ‘ˈमॉथ-ईटन’ पहिल्या भागावर आघात घेतात. नाम आणि विशेषण यांच्या समासांत तर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात : ‘ˈवॉटरप्रूफ’, ‘ˈएअरटाइट’, ‘ˈकलर-ब्लाइंड’ एकीकडे आणि ‘वर्ल्ड-ˈफेमस’, ‘टॅक्स-ˈफ्री’, ‘ड्यूटी-ˈफ्री’ दुसरीकडे. बहुव्रीहीसारख्या दिसणाऱ्या ‘ˈएग-शेप्ड’ मध्ये पहिला भाग नाम आहे आणि तो उपमान म्हणून आला आहे, म्हणून आघात पुढे सरकत नाही. तेव्हा बहुव्रीहि आणि उपपद या दोन गटांपुरता विग्रहावर भरवसा ठेवावा आणि बाकीच्यांसाठी उच्चारकोश उघडावा, असे मी तिला सांगितले.

समास आणि स्वर यांचे हे नाते आपल्या परंपरेला नवे नाही. किंबहुना त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण संस्कृतातलेच आहे. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून ‘इन्द्रशत्रु’ हा शब्द यज्ञात उच्चारला. तत्पुरुष म्हणून त्याचा उदात्त, म्हणजे उंच, स्वर शेवटी यायला हवा होता. तो आला पहिल्या पदावर, आणि शब्द बहुव्रीहि झाला : ज्याला मारणारा इंद्र आहे असा. त्वष्ट्याचा तो पुत्र, वृत्र, इंद्राच्या हातून मेला. पतंजलीने व्याकरणाभ्यासाचे प्रयोजन सांगताना हा दाखला घेतला आहे. बहुव्रीहीत पूर्वपद आपला मूळ स्वर राखते, हे पाणिनीचे सूत्रच आहे : ‘बहुव्रीहौ प्रकृत्या पूर्वपदम्’. इथे एक गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. संस्कृतात स्वर बहुव्रीहीत पूर्वपदावर राहतो आणि तत्पुरुषात सामान्यतः शेवटी जातो. इंग्रजीत वर दिलेल्या दोन गटांपुरते पाहिले तर बहुव्रीहीत आघात उत्तरपदावर आणि उपपदात पूर्वपदावर. दिशा उलटी आहे, पण घडण ओळखल्याशिवाय स्वर ठरत नाही, हे दोन्हीकडे सारखेच. तिला ही गोष्ट ठाऊक होती. ती इंग्रजीच्या वर्गात ऐकायला मिळेल असे तिला वाटले नव्हते, आणि त्या दिवसापासून तिने शब्दांच्या यादीत प्रत्येक विशेषणापुढे समासाचे नाव लिहायला सुरुवात केली.

अधिविशेषण आणि विधिविशेषण

इतके झाल्यावर तिने निवेदन पुन्हा म्हणून दाखवले आणि ते पहिल्यापेक्षा अवघडलेले वाटले. प्रत्येक आघात कोशाप्रमाणे होता, तरीही बोलण्यात धक्के बसत होते. ‘सर, मी तर कोशाप्रमाणेच बोलून राहिली आहे,’ ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे खरे होते. ती ‘हँड-ˈपिक्ट ˈऑरिंजेस’ म्हणत होती. ‘पिक्ट’ आणि ‘ऑ’ ही दोन वजनदार अक्षरे एकमेकांना खेटून आली होती.

कोशात दिलेला उच्चार हा शब्द एकटा घेतल्याचा असतो. मराठी व्याकरणात आपण नामाआधी येणाऱ्या विशेषणाला अधिविशेषण आणि नामानंतर येणाऱ्याला विधिविशेषण म्हणतो. इंग्रजी सामासिक विशेषणाचा आघात या भेदाप्रमाणे जागा बदलतो. विधिविशेषण असताना तो दुसऱ्या भागावर राहतो : फळ ‘हँड-ˈपिक्ट’ आहे, साल ‘लूस’ आहे म्हणून फळ ‘लूस-ˈस्किन्ड’ आहे. तेच विशेषण आघातयुक्त नामाच्या आधी आले की वजन पहिल्या भागाकडे सरकते : ‘ˈहँड-पिक्ट ˈऑरिंजेस’, ‘ˈलूस-स्किन्ड ˈमँडरिन’, ‘ˈफर्स्ट-क्लास ˈफ्रूट’, ‘ˈवेल-ड्रेन्ड ˈसॉइल’. दोन जड अक्षरांच्या मध्ये एक हलके अक्षर यावे, ही इंग्रजीच्या लयीची गरज आहे, आणि ती भागवण्यासाठी शब्द आपला आघात हलवतो. त्यातही वाक्यखंडाचे सर्वांत ठळक वजन सहसा नामावरच असते. विशेषणाचा पहिला भाग त्याच्या खालच्या पायरीवर असतो. सरकण्यासाठी पहिल्या भागावर मुळात गौण आघात असावा लागतो. ‘ˈमाउथ-वॉटरिंग’सारख्या शब्दांत मुख्य आघात आधीच पहिल्या भागावर आहे, म्हणून ते नामाआधी आणि नामानंतर तसेच राहतात. इंग्रज उच्चारशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांच्या उच्चारकोशात आघात सरकू शकणाऱ्या शब्दांपुढे एक छोटा त्रिकोण छापलेला असतो. तिच्या कोशातही तशी खूण होती, पण छपाईतली सजावट समजून तिने ती सोडून दिली होती.

सरावासाठी मी एक साधी रीत वापरली. प्रत्येक विशेषण दोन वाक्यांत घालायचे, एकदा नामाआधी आणि एकदा वाक्याच्या शेवटी, आणि दोन्ही वाक्ये लागोपाठ म्हणायची. टाळी द्यायची ती फक्त जड अक्षरावर. टाळीची जागा बदलली नाही तर ते हाताला लगेच कळते. कानाला कळायला वेळ लागतो. ‘लूस-स्किन्ड’ आणि ‘हँड-पिक्ट’ लवकर जमले. ‘वर्ल्ड-फेमस’ तिला सर्वांत जड गेले, कारण ‘जगप्रसिद्ध’ हा शब्द आपण भाषणांत ज्या एकसारख्या ठाशीव सुरात म्हणतो तोच सूर तिथे परत परत येत होता. त्यावर बराच वेळ द्यावा लागला.

फेरमुद्रण

नव्या मुद्रणात शब्द एकही बदललेला नव्हता. ते त्याच खरेदीदाराला पाठवले गेले आणि त्याचे पुढचे प्रश्न सालीबद्दल नव्हते. पेटीत किती फळे बसतात आणि अंबियाचा माल केव्हापासून मिळेल, हे त्याने विचारले. एका माणसाच्या प्रतिसादावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण आधीचा आणि नंतरचा मजकूर अक्षरशः तोच असल्यामुळे फरक उच्चाराचा होता असे मानायला हरकत नाही. तिचे ट आणि ड अजून नागपूरचेच आहेत आणि त्यांना हात लावण्याचे मला कारण दिसले नाही.

एक शब्द मात्र दोघांच्याही समोर अडून राहिला होता : ‘नागपूर-ग्रोन’. तो तिने स्वतः घडवला होता आणि कोणत्याही कोशात मिळणार नव्हता. ‘होम-ˈग्रोन’च्या चालीवर गेले तर आघात ‘ग्रोन’वर यायला हवा, आणि नामाआधी आला तर ‘नागपूर’वर सरकायला हवा. तिच्या वाक्यात तो शेवटी होता. तिथे तिने मुद्दाम ‘नागपूर’वर जोर दिला आणि तो बरोबर आहे का, असे मला विचारले. त्या वाक्याच्या आधीच्या ओळीत दुसरीकडच्या संत्र्यांचा उल्लेख होता. दोन गोष्टींतला भेद दाखवायचा असतो तेव्हा इंग्रजी बोलणारा घडणीचा नियम बाजूला ठेवतो आणि ज्या पदाने भेद होतो त्यावरच आघात देतो. म्हणून ‘ˈनागपूर-ग्रोन’ तसेच ठेवले.